बुधवारी वारा नाही

मानवाने वाऱ्यावर अखेरचा विजय मिळवला तो दिवस इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं पवनवेध कंपनीच्या पत्रकात म्हटलं होतं. तो दिवस बुधवार होता. बुधवारी नदीपलीकडच्या धामणोशीला बाजार भरतो, त्यामुळे खारवंडातलं निम्मं गाव सकाळीच होडीने पलीकडे गेलं होतं आणि उरलेलं निम्मं त्यांनी येताना काय आणायचं याची यादी सांगून दमलं होतं. विजय पाहायला धक्क्यावर हजर होते कंपनीचे तीन लोक, एक कुत्रा आणि अनसूया तांडेल. टाळ्या तिघांनी वाजवल्या. विजयाचं यंत्र लोखंडी चौथऱ्यावर उभं होतं. ते दिसायला पाण्याच्या टाकीसारखं असल्यामुळे वरच्या वाडीतल्या दोन बायका येऊन पाणी किती वाजता सोडणार, असं विचारून गेल्या.

"पाणी नाही सोडणार," अनसूया म्हणाली. "वारा सांगणार आहे."

"मग तू काय करणार?" त्यातल्या एकीने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ती गेली.

कारण खारवंडात वारा सांगायचं काम चौदा वर्षं अनसूयाबाईच करत होत्या.

मोरणी नदी समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे चार किलोमीटरवर खारवंड आहे. नदीच्या दोन्ही अंगांना डोंगर, डोंगरावर कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आणि मधे नळीसारखी अरुंद वाट. दुपारी सडा तापला की त्याच्यावरची हवा वर चढते आणि तिची रिकामी झालेली जागा घ्यायला समुद्रावरचा खारा वारा या नळीतून आत धावतो. ही गोष्ट खारवंडच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. तिचा उपयोग काय, हे मात्र त्यांना पुण्याच्या लोकांनी सांगितलं. पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि पंचवीस मीटर दोऱ्यांच्या टोकाला भलाथोरला पतंग घेऊन हे लोक पाण्यावरून सुसाट जात. काही जण फळीवरच शीड उभारून त्याला लोंबकळत. गावाने पहिल्यांना पतंगवाले आणि दुसऱ्यांना फळीवाले अशी नावं दिली आणि त्यांच्यासाठी अकरा होमस्टे काढले. माणूस वर्षभर ज्या ओढाताणीपासून पळतो, तीच इथे कमरेला बांधून घेऊन तिला मजा म्हणतो, असं अनसूयाबाईंच्या नवऱ्याचं, रघुवीरचं, मत होतं.

अनसूयाबाई पूर्वी बंदराच्या हवामान-नोंद केंद्रात होत्या. नवे उपग्रह आले तेव्हा केंद्र बंद झालं. उपग्रहाला खारवंड हे दोन ठिपक्यांएवढं दिसे, आणि त्यातला एक ठिपका समुद्रात होता. केंद्र गेलं तरी सवय गेली नाही. सकाळी सव्वासहाला त्या धक्क्यावर जात. पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, वारा किती वेळ टिकतोय, भट्टीचा धूर कुठे वळतोय, समोरच्या डोंगराची कड किती स्वच्छ दिसतेय, हे बघत, वहीत लिहीत आणि मग पतंगवाल्यांच्या ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप टाकत:

"आज खारा एक वाजता उठेल. चौदा नॉट. तीननंतर सतरा. साडेतीनला ओहोटी लागेल, तेव्हा मधल्या वाळूच्या पट्ट्यापासून लांब राहावे. नऊ मीटरचा पतंग पुरे. ज्यांचे वजन वाढले आहे त्यांनी बारा मीटरचा घ्यावा. त्यांना ठाऊक आहे कोण ते."

हा आवाज लोकांना इतका आवडायचा की पुण्यात काही जणांनी तो गजराला लावला होता. आणि अंदाज चुकायचा नाही. एक वाजता म्हटलं की एकला पाच कमी असताना पाण्यावर पहिली सुरकुती उठे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार.

बुधवारी निरोप एकच असायचा: "आज वारा नाही."

तो खोटा होता.

त्याचं असं झालं. खारवंड ते धामणोशी हा पूल मंजूर होऊन एकोणतीस वर्षं झाली होती, म्हणून माणसं रघुवीरच्या होडीनेच नदी ओलांडत. एरवी दिवसाला चार फेऱ्या. बुधवारी चौदा, आणि प्रत्येक फेरीला बायका, टोपल्या, कोंबड्या. ड्रोन घरपोच सामान देऊ लागल्यावर बाजार बंद पडेल असं सगळे म्हणत होते, पण ड्रोनशी घासाघीस करता येत नाही, त्यामुळे बाजार उलट वाढला. पतंगवाले आले त्या पहिल्याच हंगामात होडी बांधताना तुटलेला दोर सटकन रघुवीरच्या डाव्या डोळ्यावर बसला. सूज उतरली, दोन-तीन महिन्यांत नजरही हळूहळू उतरली. डावीकडचं जग धुकट झालं. डॉक्टरकडे गेलो तर कागद होणार, कागद झाला तर बंदर खात्याकडे जाणार, आणि खात्याकडे गेला की परवाना गेला, असा रघुवीरचा हिशेब होता. म्हणून तो डॉक्टरकडे गेला नाही. त्याने बायकोलाही सांगितलं नाही. ती जेवायला डाव्या बाजूला बसली की तो दचकायला लागला, त्यावरून तिला कळलं.

मग एका बुधवारी एक पतंगवाला डावीकडून आला. दोऱ्या होडीच्या छपराला घासून गेल्या. आत एकतीस माणसं होती. रघुवीरने त्या पतंगवाल्याला अशी काही शिवी हासडली की ती दोन्ही काठांना ऐकू गेली.

"दिसला होता मला तो," घरी आल्यावर तो म्हणाला.

"हो," अनसूया म्हणाली.

पुढच्या बुधवारी तिने पहिल्यांदा वहीत लिहिलं आणि ग्रुपवर सांगितलं, आज वारा नाही. वहीतली ओळ वाकडी आली, म्हणून खाली पुन्हा एकदा नीट अक्षरात लिहिलं. दुपारी सोळा नॉट वारा सुटला. नदीवर एकही पतंग आला नाही.

होडीतल्या सगळ्यांना वारा लागत होता. पण बाजारकरणींना त्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय वाऱ्याबद्दल बोलायची खारवंडात पद्धत नाही. होमस्टेवाल्यांना बुधवार आवडू लागला, कारण पाहुणे दिवसभर आत बसून दोनदा जेवत. राहता राहिले पाहुणे. श्रीपाद बर्वे नावाचे एक पन्नाशीचे पतंगवाले होते, चष्म्याला मागून दोरी बांधणारे. एका बुधवारी अंगणातला माड पार वाकलेला बघून त्यांच्या सोबत्याने शंका काढली, तेव्हा बर्वे म्हणाले, "तो वरचा वारा. माडाला लागतो. पाण्यावर नसतो. ताईंनी सांगितलंय ना." आणि ते परत लॅपटॉपकडे वळले.

रघुवीर अंदाज-बिंदाज ऐकत नसे. बुधवारी पतंगवाले का फिरकत नाहीत, याचं कारण त्याच्या दृष्टीने उघड होतं.

"आवाज दिला होता ना मी त्या दिवशी," तो होडीत नव्या माणसाला सांगायचा. "चौदा वर्षं झाली. बुधवार म्हटला की थरथरतात."

अनसूया ते तसंच राहू देई. एका माणसाच्या संसारात इतका मान फुकटात मिळत असेल तर मोडता कशाला घालायचा?

असं चाललं होतं, तेवढ्यात विज्ञान आलं. विज्ञानाबरोबर डॉ. शर्वरी निमकर आल्या. वय तेहतीस, डोक्यावर मोठी टोपी, बोलणं भराभरा आणि मनाने स्वच्छ. ओटीवर पोहे खाता खाता त्यांनी यंत्र समजावून सांगितलं.

"काका, हे बघा. रुग्णवाहिका जवळ येताना भोंगा बारीक ऐकू येतो आणि लांब जाताना जाडा, हो ना? प्रकाशाचंही तसंच आहे. आपण हवेत लेझर सोडायचा. हवेत मिठाचे, धुळीचे कण असतात. कण आपल्याकडे येत असेल तर त्याच्यावरून परतलेला प्रकाश किंचित निळ्याकडे झुकतो, लांब जात असेल तर तांबड्याकडे. किती झुकला त्यावरून वेग कळतो. अख्ख्या नदीचे आम्ही दहा-दहा मीटरचे ठोकळे पाडलेत. प्रत्येक ठोकळ्यातली हवा दर मिनिटाला मोजायची, आणि पुढे काय होणार ते गणिताने काढायचं."

"म्हणजे वारा आला की कळतो," रघुवीर म्हणाला.

"यायच्या आधी कळतो."

"आधी कळून काय करायचं? तो येणारच आहे."

शर्वरीने पोह्यांची तारीफ केली आणि पुढे सरकली. गणिताला हवेचे नियम ठाऊक असतात, पण ही नदी ठाऊक नसते. ती शिकवायला जुन्या नोंदी लागतात, असं तिने सांगितलं. यंत्र प्रत्येक साक्षीदाराला एक भरवशाचा आकडा देतं. ज्याचं म्हणणं इतरांशी जुळतं त्याचा आकडा वाढतो, ज्याचं जुळत नाही त्याचा घटतो. शून्य म्हणजे थापाड्या, एक म्हणजे साक्षात सत्य.

"तुमच्या वह्या मिळतील का, ताई?"

अनसूया नाही म्हणणार होती. "त्या जरा..." एवढं ती बोलली, तोवर रघुवीर आतून चौदा वह्यांचा गठ्ठा घेऊन आला होता.

"न्या हो! चौदा वर्षांत हंगामातला एक दिवस खाडा नाही. ताप असला तरी लिहिणार. माझ्या वाढदिवसाला इतकं कधी लक्ष दिलं नाही बाईने."

वह्या गेल्या. यंत्राने त्या एका दुपारी वाचल्या. मग त्याने चौदा वर्षांत पतंगवाल्यांच्या मनगटावरच्या घड्याळांनी साठवलेले वेग शोधून काढले आणि वह्यांशी ताडून पाहिले. आठवड्याचे सहा दिवस वही आणि घड्याळं इतकी तंतोतंत जुळली की यंत्राच्या इतिहासात असा साक्षीदार झाला नव्हता. बुधवारी ताडून पाहायला घड्याळच नव्हतं, कारण पाण्यात कुणी नव्हतं. आणि वारा नसताना पाण्यात कुणी नसणं हे यंत्राला योग्यच वाटलं. शेवटी भरवशाचे आकडे लागले. उपग्रह: शून्य पूर्णांक बासष्ट. स्वतःचा लेझर: एक्क्याण्णव. अनसूया तांडेल: सत्त्याण्णव.

पवनवेधचे अंदाज सुरू झाले. ते मिनिटाला बरोबर येत. बारा वाजून बावन्न मिनिटांनी वरच्या वळणावर तेरा नॉट, असं फोन सांगे आणि तसंच होई. अनसूयाबाईंचा निरोप आता कुणाला नको होता. पण लोकांनी आवाज मागितला, म्हणून कंपनीने यंत्राला तिचाच आवाज दिला. वजनाचा टोमणासुद्धा ते शिकलं. फक्त ते ज्याचं वजन वाढलंय त्याचं नाव घेत असे.

आणि बुधवारी ते तिच्याच आवाजात म्हणे, "आज वारा नाही."

पहिल्या बुधवारी दुपारी लेझरने मात्र पंधरा नॉट मोजले. यंत्रासमोर दोन साक्षीदार उभे राहिले: एक्क्याण्णवचा लेझर म्हणतो वारा आहे, सत्त्याण्णवच्या बाई म्हणतात नाही. यंत्राने न्याय केला. लेझरची काच बुधवारी खराब होते, असा निष्कर्ष काढून त्याने ती पुसायची तक्रार नोंदवली. तेव्हापासून दर बुधवारी जॉय डिमेलो नावाचा तंत्रज्ञ रघुवीरच्याच होडीतून येई, भर वाऱ्यात शिडीला घट्ट धरून स्वच्छ काच पुसे आणि 'काम पूर्ण' असं लिहून बाजारातून कोलंबी घेऊन परत जाई. वारा हा त्याच्या कामाचा भाग नव्हता.

इथवर सगळं ठीक होतं. लबाडी यंत्राने सांभाळायला घेतल्यामुळे अनसूयाबाईंना उलट हलकं वाटत होतं. माघ महिन्यात शर्वरी हातात पेढे घेऊन आली.

"ताई, आपल्या दोघींच्या नावाने शोधनिबंध स्वीकारला गेला! खारवंडचा बुधवार-खंड!"

"कसला खंड?"

"जगात कुठल्याही नदीवर वाऱ्याला वार पाळताना कुणी पाहिलेलं नाही. मी सहा महिने ऑफिसात बसून कारण शोधत होते. सापडलं! बाजार!" ती वाकून जमिनीवर बोटाने नकाशा काढू लागली. "धामणोशीचा बाजार सड्यावर भरतो. चारशे पांढऱ्या ताडपत्र्या. त्या ऊन परत फेकतात, सडा तापत नाही, हवा वर चढत नाही, म्हणून समुद्रावरचा वारा आत ओढलाच जात नाही. गणित सुटलं, ताई. फक्त बाजार आहे त्याच्या चाळीसपट मोठा धरावा लागला."

अनसूयाने पेढा तोंडात घातला होता, तो तसाच राहिला.

"माझी नोकरी कायम होतेय यावर," शर्वरी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "आणि आता प्रत्यक्ष मोजमाप. पुढच्या बुधवारी आम्ही नदीत अठरा तराफे नांगरणार. प्रत्येकावर मोजणीची काठी आणि दोन माणसं. या काठापासून त्या काठापर्यंत, सरळ रेषेत."

"कुठे?"

"होडीच्या वाटेवरच. तिथे पाणी सगळ्यात मोकळं असतं ना बुधवारी."

शर्वरी गेल्यावर अनसूया बराच वेळ ओटीवर बसून राहिली. जे खोटं नदी रिकामी ठेवण्यासाठी सांगितलं, तेच आता नदी भरून टाकणार होतं. चौदा फेऱ्या, भरलेली होडी, सोळा नॉट वारा, ओहोटी, आणि डाव्या बाजूला नांगर ओढत डुलणारे तराफे. ती उठली आणि धक्क्याखाली गेली. रघुवीर होडीला रंग लावत होता. उजवी बाजू सुरेख झाली होती. डावीकडे रंग लाकडाइतकाच वाळूवरही होता.

"पुढच्या बुधवारी होडी बंद ठेवा," ती म्हणाली.

"बुधवारी? बाजाराला? डोकं फिरलं काय गो?"

"नदीत तराफे असणार. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

ब्रश थांबला. "कोण म्हणतो?"

"मी म्हणते. चौदा वर्षं म्हणतेय. तोंडाने आज."

"मला दिसतं."

"माझ्या हातात काय आहे?" तिने डावीकडून हात पुढे केला.

रघुवीरने डोळे बारीक केले. मग म्हणाला, "चहा."

"काही नाही. रिकामा हात आहे."

तो वाळूवर बसला. तिने मग सगळंच सांगून टाकलं: बुधवारचा निरोप, वही, यंत्र. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू पडत होता. डोळ्याचं कळलं याचं त्याला फारसं वाटलं नसावं.

"म्हणजे ते पतंगवाले," तो शेवटी म्हणाला, "माझ्या आवाजाला घाबरून नव्हते राहत?"

"नाही."

"थोडे पण?"

अनसूयाला दया आली. "बर्वे घाबरत असतील," ती म्हणाली.

दोन दिवस तो होडीला रंगच लावत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "त्या पोरीला सांग. तिची नोकरी जाईल ती जाईल, पण होडीत माणसं असतात. होडी बंद ठेवली तर बाया पोराटोरांच्या फुटक्या होड्यांतून जातील, ते आणखी वाईट. तराफे नकोत म्हणावं."

शर्वरी आली. अनसूयाने तिला समोर बसवलं आणि एका दमात कबुली दिली. वारा रोज असतो. बुधवारीही असतो. चारशे शहात्तर बुधवार मी खोटं लिहिलं, कारण यांच्या डोळ्याला दिसत नाही. शर्वरीचा रंग उडाला. पण ती खरी शास्त्रज्ञ होती. तिने टॅबलेट काढला आणि कबुली जशीच्या तशी यंत्राला दिली. यंत्राने चार सेकंद विचार केला, जो त्याच्या मानाने फारच झाला, आणि अनसूयाच्याच आवाजात उत्तर दिलं:

"निरीक्षक अनसूया तांडेल यांचे नवे विधान निरीक्षक अनसूया तांडेल यांच्या चारशे शहात्तर नोंदींशी विसंगत आहे. नोंदी ग्राह्य. विधान अग्राह्य."

"अगं पण मी इथे बसलेय!" अनसूया टॅबलेटवर ओरडली. "मला विचार ना!"

"ताई, ते तुमच्यावरच विश्वास ठेवतंय," शर्वरी हळूच म्हणाली.

"ते ठेवू दे. तू कुणावर ठेवतेस?"

शर्वरीने खाली पाहिलं. "असं होतं कधी कधी. इतकी वर्षं अचूक निरीक्षण करणाऱ्या माणसाला उगाच वाटू लागतं की आपण खोटं लिहिलं. तुम्हाला वारा नाही हे आतून जाणवत असणार, आणि कारण म्हणून तुम्ही काकांचा डोळा..." ती थांबली. "काकांचा डोळा मात्र खरंच गेलाय का?"

"गेलाय," रघुवीर आतून म्हणाला.

त्या सगळ्या कबुलीतला तेवढाच भाग तिला पटला. "मग गुरुवारी मी गाडी घेऊन येते," ती म्हणाली. "तालुक्याला नेत्रतज्ज्ञ आहेत."

"गुरुवार बघू. आधी बुधवार जाऊ दे," अनसूया म्हणाली.

बुधवारी सकाळी अठरा तराफे आले. खारवंडच्या काठावर बघ्यांची ही गर्दी झाली, कारण वारा नसतो हे बघायला इतकी शिकलेली माणसं येतात हे गावाला नवं होतं. धामणोशीतले व्यापारीसुद्धा ताडपत्र्या अर्ध्याच लावून काठावर आले. रघुवीर होडीत चढला तर नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, डाव्या अंगाला, अनसूया आधीच बसलेली.

"उतर," तो म्हणाला. "परवाना माझ्या नावावर आहे."

"परवान्याला कुठे हात लावलाय मी? मी बाजाराला चाललेय."

"चौदा वेळा?"

"विसरायला होतं मला हल्ली."

होडीत हशा पिकला. सकाळच्या सहा फेऱ्या शांत गेल्या. तराफ्यांवरच्या काठ्या शून्य दाखवत होत्या आणि शास्त्रज्ञ एकमेकांना अंगठे दाखवत होते. कुणीही सकाळी साडेअकरालाच अंगठे दाखवू नयेत. एकला पाच कमी असताना समुद्राच्या अंगाने पाण्यावर पहिली सुरकुती उठली. एक वाजता बारा नॉट. दीडला एकोणीस.

होडी भर पात्रात होती. आत बत्तीस माणसं. ओहोटीने तराफ्यांचे नांगर सुटायला लागले आणि रेषेतला सातवा तराफा डावीकडून तिरपा होडीवर येऊ लागला.

"डावीकडे तराफा," अनसूया म्हणाली. "तीन होड्यांच्या अंतरावर."

रघुवीर समोर बघत होता. "असू दे."

"दोन होड्या. आपल्याच अंगावर येतोय."

"मला काही..."

"तुम्हाला नाही दिसणार! मी सांगतेय ना! उजवीकडे घ्या, पूर्ण!"

चौदा वर्षांत प्रथमच रघुवीरने हवामान-निरीक्षकाचं ऐकलं. सुकाणू उजवीकडे दाबलं. होडी कलली, बायका किंचाळल्या, आणि तराफा हातभर अंतरावरून सरकत गेला. त्याच्यावर शर्वरी होती. एका हाताने काठी कवटाळलेली, टोपी गेलेली, केस तोंडावर, आणि दुसऱ्या हातातला टॅबलेट शांतपणे सांगत होता, आज वारा नाही. एका टोपलीतली दोन पापलेटं पुन्हा पाण्यात पडली. ती मेलेली असल्यामुळे त्यांना त्याचा फायदा झाला नाही. बाकी कुणाला खरचटलंही नाही.

"काय गो अनूताई," मागून एक म्हातारी म्हणाली, "वारा सांगायचं सोडून आता नवऱ्यालाच सांगतेस काय, कुठे वळायचं ते?"

"पहिल्यापासून तेच काम आहे," अनसूया म्हणाली. "वारा जोडधंदा होता."

पुढच्या फेरीला रघुवीरने नाळेवर, डाव्या अंगाला, गोणपाटाची चौघडी करून ठेवली. लाकूड टोचतं, एवढंच म्हणाला. उरलेल्या सगळ्या फेऱ्या त्यांनी तशाच केल्या. ती सांगे, तो वळे, मधेच दोघं भांडत, आणि अनसूयाला कितीतरी वर्षांत इतकी चांगली दुपार गेल्याचं आठवेना.

संध्याकाळी शर्वरी ओटीवर आली. केसांत अजून मीठ होतं.

"ताई, वारा होता."

"होता."

"मी तसं नोंदवलं. यंत्राने माझा भरवशाचा आकडा चौतीसवर आणला." ती जरा हसली. "आणि कंपनीने सिद्धांत बरोबर ठरवलाय. बाजारकरी बघायला काठावर आले, म्हणून ताडपत्र्या कमी लागल्या, म्हणून सडा तापला, म्हणून वारा आला. माझी नोकरी कायम झाली."

"मग पेढे?"

"लाज वाटते हो."

"लाजेचे पण चालतात," रघुवीर म्हणाला.

पुढच्या बुधवारी अनसूयाबाईंनी चौदा वर्षांतला पहिला खरा बुधवारचा निरोप पाठवला: आज एक वाजता सोळा नॉट. पतंगवाल्यांना तो विनोद फार आवडला. बर्व्यांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा पाठवला. नदीवर कुणी आलं नाही.

मधल्या गुरुवारी शर्वरी रघुवीर आणि अनसूयाला तालुक्याला घेऊन गेली होती. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि मार लागल्यावर असा मोतीबिंदू होतो, इतकी वर्षं काय करत होता, असं विचारलं. रघुवीरने अनसूयाकडे बोट दाखवलं, अनसूयाने रघुवीरकडे. ऑपरेशनला अकरा मिनिटं लागली.